वर्गात वर झालेला हात

पंतोजीची शाळा ओळखावी ती तिच्या आवाजावरून. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत पाच-पंचवीस मुले धूळपाट्या घेऊन बसलेली असत आणि संध्याकाळी परवचा सुरू झाला की पावकी, निमकी, दिडकी, अडीचकीचा गजर गल्लीच्या टोकापर्यंत पोचे. एवढा गलका जिथे चाले, तिथे मुलांना बोलायला मिळत नसे असे कसे म्हणावे? पण खरे तसेच होते. त्या गजरात स्वतःचा असा एकही शब्द कोणाच्या वाट्याला येत नसे. सगळ्यांनी मिळून म्हणावयाचे ते ठरलेले असे. त्यातून एखाद्याचा आवाज वेगळा निघाला, तर तो चुकला म्हणूनच निघे आणि मग अंगठे धरावे लागत. ‘पंतोजी, हे असे का?’ हे वाक्य त्या शाळेत उच्चारले जाण्याचा प्रसंगच नव्हता.

आपली परंपरा मुळातच प्रश्नाच्या विरुद्ध होती, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. एका उपनिषदाला तर ‘प्रश्न’ हेच नाव आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना सांगतात की वर्षभर माझ्याजवळ राहा आणि मग हवे ते विचारा, मला माहीत असेल तर सांगेन. ‘माहीत असेल तर’ ही गुरूची पुस्ती मोठी गोड आहे. पण बृहदारण्यकात दुसरेही चित्र सापडते. जनकाच्या सभेत गार्गी एकामागून एक प्रश्न विचारीत जाते, तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतात की आणखी पुढे विचारशील तर तुझे मस्तक गळून पडेल. गार्गी त्या वेळी गप्प बसली आणि थोड्या वेळाने पुन्हा उभी राहून आणखी दोन प्रश्न विचारून मोकळी झाली. वर्गातली प्रत्येक मुलगी गार्गीच्या धीराची नसते. मस्तक गळून पडण्याची भीती एकदा मनात बसली की पुष्कळांचा हात जन्मभर वर होत नाही.

हा हात आमच्या महाराष्ट्रात कसकसा वर होत गेला, त्याची हकिगत रंजक आहे. ती एका जागी घडलेली नाही. आरंभ मुंबईच्या कोटाजवळचा, पण तिचे धागे पुणे, अंमळनेर, डहाणू असे फिरत आमच्या उपनगरांत, पार्ल्याला आणि मानखुर्दला येऊन पोचतात.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन झाली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ हे तिचे लांबलचक नाव. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी लाड ही पुढे गाजलेली नावे तिच्याशी जोडलेली आहेत. तरुणांनी स्वतः निबंध लिहून आणावयाचे, ते सभेत वाचावयाचे आणि इतरांनी त्यावर वाद करावयाचा, अशी तिची रीत. त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखाही निघाल्या. आपल्या मातृभाषेत, आपल्या बरोबरीच्या मुलांसमोर, आपले मत मांडावयाचे आणि ते खोडून काढणाऱ्याला उत्तर द्यावयाचे, हा प्रकार इथल्या शिक्षणात नवाच होता.

नुसता बोलण्याने काय होते, असे विचारणारे तेव्हाही असतीलच. काय होते ते पाहा. १८४९ साली बेहरामजी खर्शेदजी गांधी यांनी या सभेत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा इतकी तापली की नुसते बोलून उठणे त्या मुलांना अवघड झाले. त्यांच्यातलेच काही जण सकाळी स्वतःचे कॉलेज भरण्याआधी मुलींना फुकट शिकवायला तयार झाले, आणि मुंबईत मराठी व पारशी मुलींच्या शाळा सुरू झाल्या. जगन्नाथ शंकरशेटांसारख्यांनी पाठबळ दिले. वर्गातल्या वादातून शाळा जन्माला आल्याचे असे उदाहरण दुसऱ्या कुठल्या शहरात सहज सापडेल असे मला वाटत नाही.

हे झाले कॉलेजातल्या तरुणांचे. त्यांच्या अंगावर चांगले कपडे होते, पाठीशी घराणी होती. याहून अवघड गोष्ट पुण्यात घडली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी जेमतेम चौदा वर्षांची असेल. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. आम्हांला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने थेट देवालाच विचारला आहे. तिला शाळेत येऊन अवघी तीन वर्षे झाली होती. मुळाक्षरांपासून देवाला जाब विचारण्यापर्यंतचा प्रवास तीन वर्षांत व्हावा, हे त्या शाळेचे खरे प्रगतिपुस्तक. तिला अक्षरे शिकवणारे दुसरेही कोणी भेटले असते. पण तुझ्या जिवाला जे जाचते तेच लिही, ते लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास तिला त्या वर्गात मिळाला असला पाहिजे. एरवी चौदा वर्षांच्या मुलीने एखाद्या सद्गुणावर चार बेताची वाक्ये लिहिली असती आणि शाबासकी मिळवली असती.

यानंतरच्या काळात मराठी मुलगा बोलू लागला का? लागला, आणि खणखणीत बोलू लागला. पण तो भाषण करू लागला. भाषण करणे आणि बोलणे यांत काय अंतर आहे ते पाहावयाचे असेल, तर दरसाल १ ऑगस्टला कुठल्याही मराठी शाळेत जावे. ‘अध्यक्षमहाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या मंगलाचरणापाठोपाठ शेंगांची गोष्ट येणार हे ठरलेले. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, असे गुरुजींना सांगणारा बाळ टिळक. ‘संत’ हा शब्द तीन तऱ्हांनी लिहून तिन्ही बरोबर आहेत म्हणून हटून बसणारा बाळ टिळक. गुरुजींना उलट बोलणाऱ्या मुलाची ही गोष्ट वडिलांनी लिहून दिलेली असते, बाईंनी तपासलेली असते आणि मुलाने ती हावभावांसकट पाठ केलेली असते! त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी शुद्धलेखनाच्या तासाला ‘बाई, असे लिहिले तर का चालत नाही?’ म्हणून विचारले, तर त्याचे काय होते हे सांगायला नको.

मुलुंडच्या एका शाळेत अशाच स्पर्धेला परीक्षक म्हणून बसण्याचा योग मला एकदा आला. अकरा मुलांची अकरा भाषणे झाली. अकराही वेळा टरफले पडली. बाराव्या मुलाच्या आधी पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उभी राहिली आणि कोणी विचारले नसताना म्हणाली, ‘पण मग ती टरफले शेवटी उचलली कोणी?’ सभागृहात हशा पिकला. उत्तर मात्र अध्यक्षांपासून शिपायापर्यंत कोणालाच देता आले नाही. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत पाठांतर, उच्चार आणि हावभाव असे तीन रकाने होते. त्या मुलीला कोणत्या रकान्यात गुण द्यावे हे मला अजून उमगलेले नाही.

भाषणाची ही पाठशाळा अगदीच निरुपयोगी होती असे म्हणण्याचे धाडस मात्र मी करणार नाही. कारण मध्येच पु. ल. देशपांडे उभे राहतात. पु. लं.चे बालपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत आणि मग पार्ल्यात गेले. पाचव्या वर्षी त्यांनी शाळेत पहिले भाषण केले ते आजोबांनी लिहून दिलेल्या दहा ओळींचे. पुढे दोन वर्षांत ते आपली भाषणे आपणच लिहू लागले. त्या वेळचे पार्ले हे गाव वाचणाऱ्यांचे आणि ऐकणाऱ्यांचे होते. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि वर्षाच्या आत-बाहेर, १९२१ साली, पार्लेकरांनी त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय काढले. १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. त्या संघाच्या टिळक मंदिरात व्याख्याने होत आणि मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून लहान मुलेही बसत. बारा-तेरा वर्षांच्या पुरुषोत्तमाने तिथे साहित्यसम्राट न. चिं. केळकरांना फेडरेशन स्वीकारावे की नाही, असा प्रश्न विचारल्याची आठवण सांगतात. गोलमेज परिषदांचा तो काळ. केळकरांनी प्रश्नाचे कौतुक केले आणि रात्र झाली आहे, आता घरी जाऊन झोप, असे सांगितले म्हणे. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या माणसाला टिळकांच्या नावाच्या मंदिरात एका शाळकरी मुलाने प्रश्न विचारावा, यात त्या वेळच्या पार्ल्याचे सारे वैभव आले. फक्त एक गोष्ट नजरेतून सुटू नये : हा प्रश्न विचारला गेला तो वर्गात नव्हे, वर्गाबाहेरच्या सभेत. आणि ज्याच्या आजोबांनी पाचव्या वर्षीच मंचावर उभे केले होते, अशा मुलाने तो विचारला. ज्यांना असे आजोबा नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर अंमळनेरला सापडते. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयात मुलांबरोबर राहत. या छात्रालयासाठी ते रोज हाताने एक दैनिक लिहून काढीत. मुले उठण्यापूर्वी ते लावलेले असे. गुरुजी स्वभावाने लाजाळू. पण बोलण्यास संकोचणाऱ्या मुलाशी आधी आपणच मन मोकळे केले, तर तो आपोआप जवळ येतो, हे त्यांना कोणा शिक्षणशास्त्रज्ञाने शिकवावे लागले नाही.

ताराबाई मोडकांनी मात्र शास्त्र शिकून मग ते विसरण्याचे धैर्य दाखवले. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. मॉन्टेसरी पद्धतीचे हे बालमंदिर चांगले चालले होते. पण हे सारे सुखवस्तू घरांतील मुलांसाठीच का, ही टोचणी त्यांना होती. अखेर १९४५ साली त्यांनी आजच्या पश्चिम रेल्वेची वाट धरली, आमच्या अंधेरी-बोरिवलीवरून पुढे डहाणूच्याही पलीकडे बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या साथीला होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत राहायला गेल्या.

इथे जरा थांबले पाहिजे. कारण मूल बोलत का नाही, याचे मर्म मला कोसबाडला सापडते. शहरातला शिक्षक म्हणतो, ‘मूल लाजते’, ‘मूल बुजरे आहे’. वारली मूल लाजत नव्हते. त्याच्या आई-बापांनी जमीनदाराच्या दारात वेठबिगारी केलेली होती. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तोवर पांढऱ्या कपड्यातल्या माणसासमोर तोंड उघडणे म्हणजे मार ओढवून घेणे, हाच त्या पाड्यांचा अनुभव होता. अशा घरातल्या मुलाचे मौन हा त्याचा दोष नव्हता. ते त्याला घरातून मिळालेले शहाणपण होते. ‘बोल रे, घाबरू नकोस’ असे हजार वेळा सांगून ते जाणारे नव्हते. घाबरण्याचे कारण उरलेले नाही, हे त्याला दिसावे लागत होते.

मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाकडे जावे, असे या दोघींनी ठरवले. बालवाडी पाड्याच्या अंगणात भरू लागली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आणली, तेव्हा तो साऱ्या देशात गेला. मोठी मुले गुरांमागे जातात म्हणून कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. यातली युक्ती पाहा. परदेशी लाकडी ठोकळ्यासमोर वारली मूल अडाणी ठरते; पण रानातल्या बीसमोर बसवले, की तेच मूल बाईंपेक्षा जास्त जाणते. हे कशाचे बी, कोणत्या झाडाखाली सापडते, खाल्ले तर काय होते, हे सांगायला त्याला कोणी आग्रह करावा लागत नाही. ज्या विषयात शिक्षकच विद्यार्थी होतो, तिथे मुलाची जीभ सुटते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण मला त्या किताबांपेक्षा त्या बियांचेच अप्रूप अधिक वाटते.

आता त्याच रेल्वेने परत उपनगरांत येऊ. अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतचा भाग १९५० साली बृहन्मुंबईत आला आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली. वस्ती भराभर वाढली. शाळा दोन पाळ्यांत भरू लागल्या, एकेका वर्गात साठ-साठ मुले दाटीवाटीने बसू लागली. घाटकोपर-मानखुर्दच्या झोपड्यांतून महापालिकेच्या शाळेत येणारा मुलगा आणि पार्ल्याचा मुलगा एकच पुस्तक वाचत होते. पण त्या पुस्तकाची भाषा एकाच्या घरची होती, दुसऱ्याच्या घरची नव्हती.

ही गोष्ट नेमकी हेरली ती होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ साली सुरू झाले आणि पुढे मानखुर्दला स्थिरावले. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गावोगावच्या आणि महापालिकेच्या शाळांतून फिरले. जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याला त्यांनी मोठा प्रकल्प चालवला. त्यांना आढळले की मुलांना विज्ञान अवघड जाते असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा विज्ञान नव्हे, पुस्तकाची भाषा अवघड असते. आशय तोच ठेवून वाक्ये सोपी केली की तीच मुले अधिक चांगली उत्तरे देतात. संस्कृत शब्दांनी ठासलेली लांबच लांब व्याख्या ज्या मुलाला वाचतानाच धाप लागते, तो तिच्यावर शंका काय काढणार? शंका काढायला आधी निम्मे तरी कळावे लागते. पुढे ऐंशीच्या दशकात या केंद्राने महापालिकेच्या शाळांतील दलित समाजातल्या होतकरू मुलांना आठवीपासून हाताशी धरले. त्यांच्याशी बोलणे, त्यांना बोलते करणे, भाषेचा अडसर दूर करणे यांवर तिथे भर होता; ती मुले शालान्त परीक्षेत चमकली. याच केंद्रात जयश्री रामदास यांनी तयार केलेली ‘हलके फुलके विज्ञान’ ही पुस्तके पाहिली, तर त्यांत मुलांनी घरी, शेजारी विचारून आणावयाच्या गोष्टी जागोजागी सापडतात. उत्तर पुस्तकात नाही, ते आजीला विचारा, भाजीवाल्याला विचारा!

भाषेचा हा अडसर आता नव्या रूपाने आला आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. उपनगरांतल्या मराठी शाळा एकामागून एक रोडावत आहेत आणि घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजी शाळेत जाऊन बसते. तिथे त्याला शंका येत नाहीत असे नाही. पण शंका मराठीत येते, ती इंग्रजीत जुळवावी लागते, आणि जुळेपर्यंत बाई पुढच्या पानावर गेलेल्या असतात. आई-वडील कौतुकाने सांगतात, ‘वर्गात अगदी शांत असतो हो!’

बाई किती वेळ थांबतात, हे अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी घड्याळ लावून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात, असे त्यांना १९७० च्या सुमारास आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली, आणि मुलांकडून प्रश्नही जास्त आले. तीन सेकंद! वाचकहो, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजून पाहा. भरल्या वर्गासमोर उभे राहून तेवढे गप्प राहणे किती कठीण आहे ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. मुलाच्या मौनाची आपण चर्चा करतो. शिक्षकाच्या मौनाकडे कोणाचे लक्षच नाही.

कायद्याने मात्र आपले काम केले आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना बंदी केली. ‘मानसिक छळ’ यात चारचौघांत केलेली टिंगलही येते, हे पुष्कळांच्या गावी नसते. एकोणतिसावे कलम त्याच्याही पुढे जाते. मुलाला भीती, दडपण आणि चिंता यांतून मुक्त करणे आणि आपली मते मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य करणे, हे अभ्यासक्रम ठरवताना विचारात घ्यावयाचे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पंतोजीच्या ओवरीतील मुलाला हे वाचून दाखवले असते तर त्याने अंगठे सोडून आधी इकडे-तिकडे पाहिले असते.

त्याच कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी एका शिक्षकामागे पस्तीस मुले हे प्रमाण घातले आहे. पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक मिनिट येते. साठांच्या वर्गात पस्तीस सेकंद येत होते. बाईंनी स्वतः काहीच बोलायचे नाही, अशा हिशेबाने हे. ‘बाई, मला हे कळले नाही’ एवढे म्हणायला दोन-तीन सेकंद पुरतात. त्यापूर्वी हात वर करू की नको, मागचे हसतील का, बाई रागावतील का, आजच विचारू की उद्या, या विचारात किती वेळ जातो, ते मात्र अजून कोणी मोजल्याचे माझ्या वाचनात नाही.